सरांच्या शास्त्रात 'वगैरे' नव्हतं

आमच्या खानावळीत 'वगैरे' म्हणायला बंदी होती. 'इत्यादी'लाही होती, कारण तो शिकलेल्या माणसांचा वगैरे. पंगतीत कुणाच्या तोंडून असा शब्द गेला की त्यानं हातातला घास ताटात ठेवायचा, उठायचं आणि सगळ्यांना पाणी वाढायचं. हा नियम खानावळीच्या मालकीणबाईंचा नव्हता. वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या आणि खाली जेवणाऱ्या एका प्राध्यापकांचा होता. ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो.

मी तिथं स्वयंपाक करायची. वेंगुर्ल्याकडची मी, चौथीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि नवऱ्यामागून नागपूरला आले. तो इथं गिरणीत होता. टायफॉइडनं गेला तेव्हा माझी मुलगी नुकती चालायला लागली होती. मालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, स्वयंपाकघरामागची खोली दिली आणि चूल माझ्या हाती सोपवली. धंतोलीतली ती खोली नसती तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही. मी मुळातच भित्री. शेगडी विझली की नाही हे परत परत जाऊन पाहणारी. आणि माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी वगैरे. भाजी वगैरे, बाजार वगैरे. पहिल्या आठवड्यात मीच सगळ्यांना पाणी वाढत होते. तसंही वाढणं माझंच काम, त्यामुळे शिक्षा झाली हे कुणाला कळलं नाही. सरांना कळलं.

"वगैरेमंदी काय काय हाये, सांग," त्यांनी विचारलं.

"तसं काय नाय... म्हणजे बाकीचा सगळा."

"बाकीचं सगळं मंजे तुले माहीत नाई ते. नाव घे, नाई तं बोलू नको."

सर उंच, मान जरा पुढे काढून चालणारे. काटोलकडच्या खेड्यातले. वर्गात इंग्रजी, बाहेर अस्सल वऱ्हाडी; मधलं काही नाही. त्यांच्या खोलीत कपड्यांसाठी भिंतीला दोनच खिळे होते. एकावर धुतलेले, दुसऱ्यावर धुवायचे. एकदा मी विचारलं, अर्धा दिवस घातलेला सदरा कुठं टांगता? म्हणाले, "त्याले खिळा नाई. म्हनून तो आंगावरच रायते, मयला होयेपर्यंत." आणि खरंच तसे राहायचे. काकू नाक मुरडायच्या, पण सरांना त्या कधी तोडून बोलल्या नाहीत. सरांना खोली दिली तेव्हा शेजारचे दोन गृहस्थ, जे रोज इथंच जेवायचे, जात काढून तक्रार करायला आले होते. काकूंनी त्या दोघांचं जेवण बंद केलं. सर राहिले.

लग्नाचं विचारलं की ते स्वतःच किस्सा सांगायचे. मुलगी पाहायला गेले आणि तिला विचारलं, तुमच्या मते माणसं किती प्रकारची? ती म्हणाली, दोन. जेवलेली आणि जेवायची राहिलेली. सर खूश. परत येताना रस्ताभर वडिलांना सांगत होते की इतकी स्वच्छ विभागणी मी पुस्तकातही पाहिली नाही. "पन तिनं मले कोनत्या खोलीत टाकलं, मालूम हाये? 'नाई'च्या."

खोली हा त्यांचा शब्द. कोणतंही शास्त्र म्हणजे घर, आणि त्यातले प्रकार म्हणजे खोल्या. घर बांधायचे नियम दोन: "कोनी दोन खोल्यांत रायले नाई पायजे, अन् कोनी वऱ्हांड्यात रायले नाई पायजे." खानावळीत सगळ्या विषयांचे मास्तर जेवायचे, आणि नवा माणूस आला की सर त्याच्या समोर बसत. "ताट पाहा. तुमच्या शास्त्रानं याच्या खोल्या पाडा."

वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांनी भराभर सांगितलं होतं: मूळ, खोड, पान, फूल, फळ, बी. बटाटा खोड, पालक पान, वांगं फळ, वरण-भात बी.

"अन् ताक?"

"ते गाईचं. प्राणिशास्त्राकडं विचारा."

"मीठ?"

"ते खनिज."

"मंजे एक जेवन करासाठी तुमाले तीन घरं पायजे," सर म्हणाले आणि मिठाची चिमूट ताटाबाहेर ठेवली. "हे पाहा, वऱ्हांड्यात बसलं बिचारं."

एक वैद्य आले. त्यांचे सहा रस. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट, मिठालाही जागा. सर हरखले. मग हळूच तांब्या पुढे सरकवला. "पान्याची चव कोनती?" वैद्यबुवा म्हणाले, पाण्याचा रस अव्यक्त. सर इतके हसले की ठसका लागला. "सातवी खोली हाये, पन बाहेरून कुलूप!"

त्यांना सगळ्यांत आवडले ते रसायनवाले. त्यांनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. सेंद्रिय आणि असेंद्रिय, म्हणाले, आणि जेवायला लागले. सर बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले. मी ताटं उचलत होते.

"समजलं का, त्यानं काय केलं? आंधी 'अ' लावून देल्ला. सेंद्रिय अन् जे सेंद्रिय नाई ते. आता कोनी बाहेर रायतच नाई. पन त्या दुसऱ्या खोलीत कोन कोन राहून रायलं, ते त्याले ठाऊक नाई. लोखंडबी तिथंच, अन् मीठबी तिथंच." मग एकदम म्हणाले, "तू काय शिकली?"

"नॉन-मॅट्रिक," मी म्हटलं. चौथी म्हणायची लाज वाटायची. काकूंच्या ओळखीच्या बाई बालवाडी चालवत. तिथं मदतनीस हवी होती, पण मॅट्रिक झालेली. त्यांच्याच तोंडून हा शब्द मी उचलला होता आणि मला तो बरा वाटायचा. इंग्रजी होता.

सरांनी माझ्या हातातली वाटी घेतली. "नॉन-मॅट्रिक मंजे काय? जे मॅट्रिक नाई ते सारं. तू नॉन-मॅट्रिक. इतवारीतला हातगाडीवाला नॉन-मॅट्रिक. हे वाटीबी नॉन-मॅट्रिकच हाये. या खोलीत काहून राहाचं वं तुले?"

मला राग यायला हवा होता. पण मी वाटीकडे पाहिलं आणि हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून सर सकाळी खाली येऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसायला लागले. मी भाजी चिरायची, ते शिकवायचे.

त्यांची रीत एकच. प्रत्येक धड्यापुढं, प्रत्येक गणितापुढं त्यांनी विचारायचं: येते का येत नाई? मी म्हणायची, थोडंथोडं येतं. ती खोली नव्हती. येत होतं पण विसरले? 'येत नाई'त टाक. घरी पाठ येतं पण लिहिताना हात कापतो? 'येत नाई'. माझं सगळंच त्या खोलीत जाऊन पडायचं आणि मला वाटायचं, हा माणूस मला मारणार. पण गंमत अशी, की अशी रोज भरलेली खोली समोर दिसायला लागली की ती उपसताही येते. पूर्वी भीती नुसती धुरासारखी असायची. आता तिच्यातल्या एकेका गोष्टीला नाव होतं. त्रैराशिक. भूतकाळाची इंग्रजी रूपं. हिमालयातल्या नद्या. दोन वर्षं मी ती खोली उपसली आणि बाहेरून मॅट्रिकला बसले.

इंग्रजीत पास झाले, गणितात झाले. मराठीत नापास झाले.

निकाल कळला तेव्हा पंगत बसलेली होती. मराठीचे प्राध्यापकही होते, पुण्याकडचे, सभ्य. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "अहो, मराठीत कसं शक्य आहे? निबंध कशावर लिहिलात?"

"माझ्या गावावर."

"सुरुवात आठवते?"

मला ती पाठ होती. मी उभी राहून म्हटलं, "मले माह्या गावच्या समुद्राची लय आठवन येऊन राहिली आहे."

सगळी पंगत हसली. काकूसुद्धा.

माझी चूक कशी झाली हे सांगायला हवं. मी आले तेव्हा 'माका' म्हणायची, 'तुका' म्हणायची. पोरं चिडवायची, "माका काकडी देवा!" म्हणून मी जिवाचा आटापिटा करून ते सोडलं आणि आजूबाजूला ऐकलं ते धरलं. सर एम.ए. झालेले. ते 'मले' म्हणतात, म्हणजे शिकलेल्यांची मराठी हीच. पुस्तकात 'मला' असायचं, नाही असं नाही. पण गावी आमचे गुरुजीही पुस्तकातून वाचायचे एक आणि बोलायचे दुसरं. पुस्तकातलं वाचायचं असतं, मनातलं लिहायचं असतं, असं मी धरून चालले. मराठीचा तर अभ्यासच केला नव्हता. ती मी स्वतः पहिल्याच दिवशी 'येते'च्या खोलीत टाकून मोकळी झाले होते.

हसू ओसरल्यावर मराठीचे प्राध्यापक समजावणीच्या सुरात म्हणाले, "चतुर्थीचे प्रत्यय ठरलेले आहेत. स, ला, ते. स, ला, ना, ते. प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्त्या. तक्ता पूर्ण आहे."

"पूर्ण?" सर म्हणाले. त्यांनी घास खाली ठेवला होता. "मंग 'मले' कोठी बसते? इथिसा लाखो लोक रोज बोलून रायले."

"ती बोली झाली."

"बोली कोनती विभक्ती व्हय?"

"बोली तक्त्यात धरत नाहीत, सर."

"बरं," सर म्हणाले. उठले आणि हात धुवायला गेले. ताट तसंच राहिलं.

संध्याकाळी ते पायरीवर येऊन बसले. मी पीठ मळत होते, डोळे सुजलेले. त्यांच्या मनात सकाळचंच चाललं होतं. "आमच्या आज्याले लोकायनं सांगतलं होतं," ते म्हणाले, "का मानसायच्या खोल्या चार. शास्त्र पूर्ण हाये. अन् आमचं घर गावाच्या बाहेर. चारीपैकी एकाही खोलीत आमी नाई. ज्यानं ते घर बांधलं, त्याले वऱ्हांड्यात पाहाचं कामच पडलं नाई. छप्पन साली आमी त्या वऱ्हांड्यातूनबी उठलो अन् चालले गेलो. मी कॉलेजात होतो तवा. तेव्हापासून कोनी म्हनलं ना का पूर्ण हाये, तं मी आंधी बाहेर जाऊन पायतो."

मला वाटलं, ते माझ्या बाजूनं बोलताहेत. मी म्हटलं, "म्हणजे माझी चूक नाय ना, सर? तक्ताच अपुरा."

सरांनी असं पाहिलं की माझा हात पिठातच थांबला.

"तक्ता अपुरा हाये हे मी पाहीन. ते माह्यं भांडन. तुह्यं भांडन दुसरं हाये. तू तक्ता पाठ कर. ऑक्टोबरले बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खाली आले, पायरीवर बसले आणि ताठ मानेनं म्हणाले, "मला चहा हवा आहे."

काकूंच्या हातातलं भांडं पडता पडता राहिलं. "अगं बाई! सरायले ताप आला का?"

ताप नव्हता. माझ्या कानावर 'ले' पडणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, माझ्याशी बोलताना तेवढं करा, बाकी नेहमीसारखं बोला. पण दोन खोल्यांत राहणं त्यांना कसं जमणार? ते सगळ्यांशीच तसं बोलायला लागले. भाजीवालीला "मला मेथी द्या" म्हणाले तर तिनं दर वाढवून सांगितला. कॉलेजातली पोट्टी मागून नक्कल करायची. कधी जीभ घसरायची, "तुले" म्हणून जायचे आणि लगेच थांबून, डोळे मिटून, "तुला" म्हणायचे. जेवताना ते हळूहळू कमी बोलायला लागले. ताटाच्या खोल्या पाडणं बंद झालं. पंगत उदास वाटायला लागली.

त्या पावसाळ्यात त्यांची आई गावाहून आली. ठेंगणी, पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी. पोराला बघायला आली, ती ओट्यावर बसून राहिली. सर म्हणाले, "आई, तुला थकवा आला असेल. तुला काय हवं?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "लेका, माह्यं काई चुकलं का? असा परक्यासारखा काहून बोलून रायला?"

मी दारात उभी होते. मी म्हणणार होते, सर, पुरे, बोला त्यांच्याशी. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते आईसमोर खाली बसले, तिचा हात हातात घेतला आणि सावकाश, एकेक शब्द पारखून म्हणाले, "मला ऑक्टोबरपर्यंत माफ कर, आई."

म्हातारीला काय समजलं कोण जाणे. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मी आत गेले, व्याकरणाचं पुस्तक उघडलं आणि प्रथमेपासून सुरुवात केली. त्या दिवसानंतर मी एकही सकाळ चुकवली नाही. ताप आला तरी नाही, मुलगी आजारी होती तेव्हाही नाही. ज्या माणसानं माझ्यासाठी आईला परकं होऊन दाखवलं, त्याच्यापुढं मी हात कापतो म्हणून सांगणार होते का?

पेपर झाला. पण सरांनी 'मला' सोडलं नाही. "निकाल लागू द्या," म्हणाले. "परत बसावं लागलं तर?"

निकालाच्या आधीच माझे धाकटे दीर आले. सासूबाईंनी त्यांना मला न्यायला धाडलं होतं. स्वभावानं वाईट नव्हते. पण गावी गेले की मी कायमची मागच्या पडवीत, आणि मुलगीही माझ्याबरोबर तिथंच, हे मला दिसत होतं. त्यांनी माझी ट्रंक ओढून अंगणात ठेवली.

"वयनी, चला आता घराक. हंय तुमचा कोण आसा?"

"माका हंयच रवाचा आसा, भावजी," मी म्हटलं.

सर जिन्यावरून उतरले आणि त्यांच्यापुढं उभे राहिले. भाऊजींना त्यांनी नमस्कार केला, गावाची चौकशी केली आणि मग राहवेना म्हणून विचारलं, "तुमच्या समुद्रात मासे किती प्रकारचे?"

भाऊजी बावचळले. "मासे? दोनच. एक खावचे, दुसरे इकाचे."

कित्येक महिन्यांनी सरांचा चेहरा फुलला. त्यांनी भाऊजींना हाताला धरून जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "निकाल लागेपर्यंत थांबा. त्या पास झाल्या तर राहतील. नापास झाल्या तर तुमच्याबरोबर येतील. तिसरं काही नाही." भाऊजींनी होकार का दिला ते मला कळलं नाही, बहुतेक त्यांना सरांची भीती वाटली. मला तर निकालाची त्याहून जास्त वाटत होती. माझे आणि मुलीचे कपडे मी ट्रंकेत भरले. भाऊजी रोज मासळी नाही म्हणून कुरकुरत जेवत होते. ट्रंक दाराशी तशीच होती.

निकाल मराठीच्या प्राध्यापकांनी आणला. स्वतः जाऊन पाहून आले होते. दारातच त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाले, "पास. चांगल्या मार्कांनी."

मी पिठाच्या हातांनी मुलीला उचललं. सर पायरीवर होते. त्यांनी एकदा "पास?" विचारलं, परत एकदा विचारलं, मग उठले आणि वर गेले. दिवसभर खाली आले नाहीत.

बालवाडीतल्या बाईंनी सोमवारपासून यायला सांगितलं. भाऊजींची गाडीही सोमवारी सकाळचीच. मी ट्रंकेतले कपडे काढून दोरीवर टाकले आणि ट्रंक त्यांच्याबरोबर परत पाठवायचं ठरवलं; गावाहून येताना ती सासूबाईंकडून मागून आणली होती. रिकामी कशी न्यायची म्हणून काकूंनी ती संत्र्यांनी भरली. स्टेशनवर ती उचलायला सर आले.

खिडकीतून भाऊजी म्हणाले, "वयनी, घराक जावन आईक काय सांगू?"

"सांगा, वयनी मास्तरीण झाली."

ते हसले. गाडी हलली. खिडक्या सरकत गेल्या, मागं नुसते रूळ राहिले आणि मी तिथंच उभी, पदर तोंडाशी धरून. सर बाजूला घसा खाकरत होते.

"चाल वं," ते म्हणाले, "तिकडे लहाने पोट्टे येऊन बसले असतीन, अन् त्यायची बाई इथिसा टेसनावर रडून रायली."